तुम्ही विचारलेत म्हणून: मुले हे कशामुळे करतात?

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाचे काम करत असल्यामुळे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्यांत पालकांइतकेच प्राध्यापकही असतात: लग्नाआधी शरीरसंबंधांपर्यंत ही मुले जातात ती नेमकी कशामुळे? प्रश्नाबरोबर संशयितांची यादीही आलेली असते. मोबाइल, मित्रमंडळी, घरापासून दूरचे राहणे. यांपैकी एकाचे नाव मी घ्यावे, एवढीच अपेक्षा असते. या तिघांचाही वाटा आहे आणि तो मी नाकारत नाही. परंतु माझ्या मते सर्वांत मोठा प्रभाव या यादीत सहसा नसतोच, आणि तो म्हणजे इतर सगळे काय करत असतील याविषयी प्रत्येक विद्यार्थ्याने मनाशी बांधलेला अंदाज. हा अंदाज बहुतेक वेळा चुकीचा असतो.

अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर लॅम्बर्ट, कान आणि ॲपल या संशोधकांनी केलेला एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणतेही नाते नसताना येणाऱ्या शारीरिक जवळिकीबाबत तुम्हाला स्वतःला किती सहज वाटते आणि तुमच्याबरोबरच्या इतरांना किती सहज वाटत असेल, असे त्यात विचारले होते. मुलगे असोत वा मुली, दोघांनीही इतरांना आपल्यापेक्षा अधिक मोकळे मानले. म्हणजे जवळजवळ प्रत्येक जण आपणच तेवढे संकोची आहोत असे समजून गप्प बसला होता, आणि त्याच्या गप्प बसण्यामुळे शेजारच्याचा गैरसमज पक्का होत होता. याहून चिंतेची बाब अशी की, मुलींना जितके चालत होते त्यापेक्षा अधिक चालत असेल, असे मुलग्यांनी गृहीत धरले होते. समोरच्या व्यक्तीची संमती न विचारताच ती आहे असे मानणारा मुलगा दुष्टच असतो असे नाही. अनेकदा तो केवळ या चुकीच्या अंदाजावर विसंबलेला असतो, आणि त्याचे परिणाम मात्र तितकेच गंभीर होतात.

अंदाज चुकण्याचे एक कारण बोलण्यातच दडलेले आहे. या विषयावर जो बोलतो तो बहुधा अनुभव आहे असे सांगणारा असतो. ज्याला अनुभव नाही तो बोलत नाही. शिवाय सांगितलेले सगळे खरे असते असेही नाही. अलेक्झांडर आणि फिशर यांनी, तेही 2003 मध्येच, एक चतुर प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतःच्या लैंगिक अनुभवांविषयी प्रश्न विचारताना खोटे पकडणारे यंत्र जोडले आहे असे काही विद्यार्थ्यांना भासवले, आणि काहींना आपली उत्तरे दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडू शकतील असे वाटू दिले. दुसऱ्या गटात मुलग्यांच्या आणि मुलींच्या उत्तरांत मोठी तफावत दिसली. यंत्र जोडलेल्यांत ती जवळजवळ नाहीशी झाली. बदलली होती ती मुख्यतः मुलींची उत्तरे. मुलग्याला या बाबतीत शाबासकी आणि मुलीला बोल, या दुटप्पी न्यायाचा याहून स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही.

मित्रांच्या प्रभावाबद्दल बोलताना पालकांच्या डोळ्यांसमोर आग्रह करणारा, चिडवणारा मित्र असतो. प्रत्यक्षात आग्रहाची गरजही पडत नाही. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या वयांच्या लोकांना मोटार चालवण्याचा संगणकीय खेळ दिला होता. बरोबरीचे मित्र जवळ असताना किशोरवयीनांनी आणि 18 ते 22 वयाच्या तरुणांनी एकटे असतानापेक्षा अधिक धोका पत्करला. प्रौढांवर तो परिणाम फारसा दिसला नाही. खेळातली मोटार आणि शरीरसंबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य, पण महाविद्यालयाचे वय नेमके या मधल्या गटात येते. त्यात मद्य आले, तर त्या क्षणाचे आकर्षण तेवढे दिसते आणि उद्याचा विचार नजरेआड होतो. अश्लील चित्रफितींविषयी थोडक्यात एवढेच सांगतो की, त्यांत होकार विचारण्याचा किंवा निरोध वापरण्याचा प्रसंग क्वचितच येतो, आणि ज्याला दुसरीकडून काहीच समजलेले नाही त्याच्यासाठी तेच पाठ्यपुस्तक ठरते.

मग मुलांकडून शपथ घ्यावी का, असेही मला विचारले गेले आहे. लग्नापर्यंत थांबण्याची प्रतिज्ञा घेणाऱ्या अमेरिकी किशोरवयीनांचा अभ्यास बेअरमन आणि ब्रुकनर यांनी 2001 मध्ये मांडला. प्रतिज्ञेमुळे पहिला संबंध सरासरी सुमारे 18 महिने लांबला, पण तोही प्रतिज्ञा घेणारे शाळेत थोडे असतील तरच. सगळेच घेऊ लागले की तिचा प्रभाव ओसरत गेला. ज्यांची प्रतिज्ञा मोडली त्यांनी पहिल्या वेळी गर्भनिरोधक वापरण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी होते. ज्याने आपण हे करणारच नाही असे ठरवले आहे, तो त्याची तयारी कशी करील?

माहिती देणे म्हणजे परवानगी देणे, ही भीती मला समजते, परंतु पुरावा तिच्या बाजूने नाही. युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे, आणि लैंगिकता शिक्षणामुळे संबंध लवकर सुरू होत नाहीत असा त्याचा निष्कर्ष आहे. माझ्यासमोर येणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र साध्या गोष्टीही ठाऊक नसतात. संबंधानंतर घ्यायची तातडीची गोळी प्रामुख्याने बीजोत्सर्ग, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडणे, लांबवून काम करते; यांतली नेहमी वापरली जाणारी, लेव्होनॉरजेस्ट्रेल या औषधाची गोळी 72 तासांच्या आत, आणि त्यातही जितकी लवकर तितकी चांगली, घ्यावी लागते; शरीरसंबंधांतून होणाऱ्या संसर्गापासून ती मुळीच वाचवत नाही; क्लॅमिडियासारख्या अशा संसर्गाची लक्षणे अनेकदा दिसतच नाहीत, त्यामुळे तपासणीशिवाय तो कळत नाही.

यानंतर पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आमच्या मुलाला किंवा मुलीला सरळ विचारून टाकावे का? मी नको म्हणतो. उत्तर कोण ऐकणार आहे यावर ते कसे बदलते, हे वर सांगितलेच आहे, आणि ऐकणारे तुम्ही आहात. त्यापेक्षा वरची माहिती न विचारता द्यावी, आणि काही घडलेच तर कोणत्या डॉक्टरांकडे जायचे, तेथे तुम्ही बरोबर यायचे की नाही हे मुलांनीच ठरवायचे, एवढे आधीच सांगून ठेवावे.