आधी ढेकूळ दाखवा, मग नदीचं बोला

‘नदी वाचवा’ म्हटलं की शेतकरी मान डोलावतो आणि पेरणी उताराच्या दिशेनेच करतो. त्याच्यापुढचा प्रश्न शेताचा असतो, म्हणून बोलणंही शेतापासूनच सुरू करावं. एक मिलिमीटर माती वाहून गेलेली डोळ्यांना दिसत नाही, पण एकरी हिशोब पाच टनांच्या घरात जातो. आणि जाते ती नेमकी वरची, सगळ्यात कसदार.

पटवायला ढेकळासारखं साधन नाही. पाण्याने भरलेल्या दोन बरण्यांच्या तोंडाला जाळी अडकवा. एकीत वर्षानुवर्षं नांगरलेल्या रानातलं ढेकूळ ठेवा, दुसरीत बांधावरचं, गवताच्या मुळ्यांत बांधलेलं. पहिलं बुडबुडे सोडत काही मिनिटांत ढासळतं, दुसरं बराच वेळ टिकतं. दोन्ही ढेकळं सारख्या आकाराची आणि खडखडीत वाळलेली हवीत. ओलं ढेकूळ सहसा फुटत नाही आणि सगळा प्रयोग फसतो. उघड्या जमिनीवर थेंब आपटतात तेव्हा हेच होतं. सुटलेले बारीक कण भोकं बुजवतात, वर पापुद्रा धरतो, पाणी मुरायचं थांबतं आणि वाहू लागतं. म्हणून काढणीनंतर धसकटं, पाचट जाळू नका, जमिनीवर राहू द्या.

पुढचं काम समपातळी रेषेचं, म्हणजे उताराला आडव्या, सगळीकडे एकाच उंचीवरून जाणाऱ्या रेषेचं. दोन-दोन मीटरचे दोन बांबू वर एकत्र बांधा, मध्ये आडवी काठी आणि शेंड्यावरून दोरीला दगड लावून ओळंबा. पायांच्या जागा खुणावून दोरी काठीला कुठे लागते ते टिपा, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा टिपा. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. दगड हलका असेल तर वाऱ्याने दोरी झुलते आणि रेषा चुकते. चुकलेली रेषा नसलेल्या रेषेपेक्षा वाईट, कारण पाणी सखल जागी गोळा होतं, तिथेच फुटतं आणि घळ पाडतं. पाणी तुंबणाऱ्या भारी जमिनीत मात्र रेषेला किंचित ढाळ द्यावा आणि पाणी गवताच्या चरातून बाहेर काढावं.

रेषेवर पावसाच्या सुरुवातीला वाळ्याचे, म्हणजे खस गवताचे, ठोंब लावा. पानं वीसेक सेंटिमीटर, मुळं दहा सेंटिमीटर ठेवून छाटायची आणि दोन ठोंबांत दहा ते पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवायचं. मेलेले ठोंब त्याच हंगामात सांधा. राहिलेल्या फटीतून ओघळ घुसतो.

ओढ्याकाठी पाच ते दहा मीटर गवताचा पट्टा सोडायला सगळेच सांगतात. पण पाणी एकाच ओघळीने आलं तर पट्टा काही कामाचा नाही, ते वरच पसरवावं लागतं. पट्ट्यावरून ट्रॅक्टर वळवला तर जमीन दबते आणि तिथेही पाणी मुरत नाही. मातीला चिकटलेलं स्फुरद (फॉस्फरस) गवत अडवतं. विरघळलेलं नायट्रेट मुळांच्याही खालून निसटू शकतं. त्यावर उपाय खतातच आहे: युरिया एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत, वाफशावर (माती ओलसर, पण चिखल नसताना), मातीआड करून द्या. मोठा पाऊस तोंडावर असेल तर थांबा.

सगळं शेत एकदम बदलायला सांगू नका. पाणी शेताबाहेर पडतं तिथली गवताची एकच पट्टी आधी करा. जोराच्या पावसात पट्टीच्या वरून एक बाटली आणि खालून एक बाटली पाणी भरून घ्या, रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी बसलेला गाळ शेतकऱ्यालाच बोटाने मोजू द्या.