जिवंत झरा

धुळ्याहून नवापूरची सकाळची एसटी धरली, ती उत्तम शुक्रवारची उपासना सुरुवातीपासून ऐकायला मिळावी म्हणून. कोंडाईबारी घाटात टायर बसलं. तासभर सागाच्या सावलीत उभा होतो; एप्रिलमधला साग म्हणजे नुसत्या काड्या, सावली कसली! पाण्याची बाटली तिथेच संपली.

चर्चमध्ये पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. १२ ते ३ या वेळात वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर प्रवचनं चालतात. माझ्या वाट्याला नेमका पाचवा आला: ‘मला तहान लागली आहे.’ घशाला कोरड पडलेली, वर पंखे गरम वारा ढकलतायत. पाळकसाहेब तिथून बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात शिरले. भर दुपार, शोमरोन प्रांतातली याकोबाची विहीर, थकलेला यहुदी येशू तिथल्या एका बाईकडे पाणी मागतो. यहुदी शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत, त्यामुळे ती चकित. (१९२७ साली चवदार तळ्यासाठी सत्याग्रह करावा लागलेल्या मुलखात हे कुणाला समजावून सांगायला नको.) येशू तिला जिवंत पाणी देऊ करतो, तर ती रोखठोक म्हणते, तुमच्याकडे पोहरा नाही आणि विहीर तर खोल आहे! मला ही बाई फार आवडते. पाणी देऊ करणाराच शेवटी तहानेला, एवढं बोलून पाळकसाहेब बराच वेळ गप्प राहिले.

‘जिवंत पाणी’ हा मला आजवर निव्वळ अलंकार वाटायचा.

नंतर मित्राच्या मावशींच्या मळ्यात गेलो. आसपासच्या विहिरी खडखडीत, यांच्या विहिरीत मात्र कमरेएवढं पाणी. "हिला जिवंत झरा आहे ना, भाऊ," मावशी सहज म्हणाल्या. वाकून पाहिलं. काळ्या पाषाणाच्या कपारीतून करंगळीएवढी धार, आणि ती पडते तिथे पाणी सारखं थरथरतंय. हिब्रूतल्या ‘मायिम हय्यीम’चा साधा अर्थ हाच: झऱ्याचं, वाहतं पाणी. साठवलेलं नव्हे. लोकांनी असा झरा सोडून फुटके हौद खोदले, अशी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याची तक्रार आहे. पलीकडे मित्राचं शेततळं होतं. कागद फाटलेला, तळाला चिखलाच्या खपल्या. मी त्याच्याकडे पाहिलं.

"बोलू नको," तो म्हणाला.

मावशींनी पोहरा सोडला. मी ओंजळ धरली, पाणी कोपरावरून ओघळून शर्ट भिजला, तरी ‘बास’ म्हणवेना.

ती शोमरोनी बाई घागर विहिरीवरच टाकून गावाकडे गेली, हे योहानाने आवर्जून नोंदवलंय. माझी बाटली काठावरच राहिली, ते परतताना आठवलं. विसरवाडीला.