रॅम २५०० चे बॉल जॉइंट निवडताना

पुढच्या डाव्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेच्या कितीतरी आधी गुळगुळीत झाली होती. आय-९६ हायवेवर ट्रक सरळ चालायला तयार नव्हता, स्टिअरिंग सारखं थोडं इकडे, थोडं तिकडे सावरत बसावं लागायचं. शिवाय ड्राइव्हवेची कड चढताना खालून ‘टक्’ असा आवाज. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की रॅम ट्रकवाले बहुतेक जण एकच निदान सांगतात: बॉल जॉइंट गेले, म्हणजे पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात ते गोळी-वाटीचे सांधे.

माझा ट्रक २००६ चा डॉज रॅम २५००, फोर-व्हील ड्राइव्ह, ५.९ लिटरच्या कमिन्स डिझेलचा. ते इंजिन एकटंच पाचशे किलोच्या घरात भरतं आणि त्याचा सगळा भार पुढच्या एक्सलवर. आम्ही राहतो मिशिगनमध्ये, गावाबाहेर, त्यामुळे हिवाळ्यात पुढे बर्फ ढकलायचं पातं लागतं. तेही तीन-साडेतीनशे किलोचं. रस्त्यांवर मीठ टाकतात ते वेगळंच. पुण्यात असताना गाडी गंजते म्हणजे दाराच्या खाली चार फोड येतात एवढीच माझी कल्पना होती. इथे बोल्टचं डोकं गंजून गोल होतं आणि पाना नुसता फिरत राहतो.

भाग मागवण्याआधी तपासणी केली, कारण ‘टक्’ आवाज ट्रॅक बारमधूनही (एक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) येतो, टाय रॉडमधूनही (चाकं वळवणारा दांडा) आणि हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) बेअरिंगमधूनही. एक्सलखाली जॅक लावून चाक जमिनीपासून थोडं वर घेतलं. चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, हलवलं की बॉल जॉइंट किंवा बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, कळतो; तीन आणि नऊच्या जागी धरलं की टाय रॉडचा. बारा-सहाला चाक हललं, पण एवढ्यावर निकाल देता येत नाही. दुसऱ्या माणसाने चाकामागे डोकावून बघायचं: चाकाबरोबर नकलही (हब ज्यात बसतो तो वळणारा भाग) हलतोय, की नकल जागेवर आणि फक्त हब हलतोय? नकल हलला तर बॉल जॉइंट, नाही तर बेअरिंग. मग टायरखाली पहार घालून चाक उचललं आणि खालच्या जॉइंटला बारीक हालचाल मोजणारा डायल गेज लावला. काटा किती फिरतो ते बघितल्यावर शंका उरली नाही.

गेज लावायला आणि नकलकडे बघायला माझा मित्र आला होता. तो कोल्हापूरचा, घरची फाउंड्री शिरोलीच्या एमआयडीसीत, आणि इथे डेट्रॉइटकडे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला. मी लॅपटॉपवर कंपन्यांची नावं आणि भाव मांडून बसलो होतो. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, “मर्दा, नावं कसली वाचत बसलाईस? वजन कुणाच्या डोक्यावर हाय ते बघ की आधी.”

वजन असतं खालच्या जॉइंटवर. या ट्रकला पुढे अमेरिकन एक्सल कंपनीचा सलग एक्सल आहे, सव्वानऊ इंची रिंग गिअरचा (एक्सलमधलं मोठं दातेरी चक्र). चाकाच्या मागे वर एक आणि खाली एक असे दोन बॉल जॉइंट, त्यांच्यावर नकल फिरतो. भार पेलतो खालचा; वरचा नकलला सरळ धरून ठेवतो. म्हणून वरच्यात उभा थोडा प्ले दिसला की लगेच घाबरून जायचं नाही, पण खालच्यात तो वाढला की गय नाही. चार जॉइंटचा सेट एकाच कंपनीचा घ्यावा लागतो असंही नाही. माझं बजेट आखडतं असतं तर खालचे दोन चांगले आणि वरचे दोन साधे, असा हिशेब मी बिनदिक्कत केला असता.

आता पर्याय. कारखान्यातून येतो तसा सीलबंद जॉइंट: आत प्लास्टिकसारखी वाटी, ग्रीस एकदाच भरलेलं, पुन्हा भरायला निपल नाही. हलका फिरतो, सुरुवातीला स्टिअरिंग छान वाटतं, पण सीलमध्ये एकदा मिठाचं पाणी शिरलं की त्याला बाहेरचा रस्ता नाही. दुसरा पर्याय मूग आणि तत्सम कंपन्यांचा, ग्रीस निपल असलेला. तिसरा डायनाट्रॅक किंवा कार्लीसारख्या कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांचा, खास अशा ट्रकसाठी बनवलेला आणि किमतीला कितीतरी चढा. डायनाट्रॅकचा तर उघडून आतले भाग बदलता येतात.

महागड्याचा मोह मला झाला, नाही असं नाही. पण पोलादावर पोलाद फिरणाऱ्या जॉइंटला ग्रीस वेळेवर लागतंच, आणि नवा असताना तो इतका घट्ट असू शकतो की वळणावरून स्टिअरिंग आपोआप मध्यावर परत येत नाही. वाळवंटात मोठ्या टायरवर ट्रक उडवणाऱ्याला तो परवडेल. माझ्या ट्रकचे टायर कंपनीच्याच मापाचे, रिम बाहेर काढलेले नाहीत. रिम जितकं बाहेर, तितका जॉइंटवर जास्त ताण येतो. माझ्याकडे ती भानगडच नव्हती. माझा खरा शत्रू मीठ. म्हणून ठरलं: ग्रीस निपलवाला हवा, म्हणजे दर सर्व्हिसिंगला नवं ग्रीस घालून आतलं पाणी आणि घाण बाहेर ढकलता येईल.

निपलवाले सगळे सारखे नसतात, हे मात्र काउंटरवर भाग हातात घेतल्यावर दिसतं. एका जॉइंटच्या अंगावर उभ्या बारीक रेघांचे दात होते, दुसऱ्याचं अंग गुळगुळीत. दातवाला दाबून बसवला की भोकाला घट्ट चावतो. ऐकायला बरं वाटतं. पण फोर्डच्या सुपर ड्यूटी ट्रकमध्ये बॉल जॉइंट नकलमध्ये बसतात, तिथे भोक खराब झालं तर नकल बदलता येतो. या रॅममध्ये ते एक्सलच्याच टोकाच्या सी-आकारात बसतात. दातांनी ते भोक खरवडलं की पुढच्या वेळी साधा जॉइंट सैल बसणार, आणि भोक एक्सलचं असल्यामुळे बदलायचा तर अख्खा एक्सल. दातवाला जॉइंट ढिल्या भोकासाठीचा उपाय आहे. चांगल्या भोकात मी तो कधीच घालणार नाही, फुकट दिला तरी. गुळगुळीत अंगाचे घेतले.

‘लाइफटाइम वॉरंटी’ या शब्दांना मी फार किंमत दिली नाही. वॉरंटीत भाग मिळतो, मजुरी मिळत नाही, आणि या कामात मजुरी भागापेक्षा भारी. ऑनलाइन फारच स्वस्त दिसलेला एक सेटही सोडून दिला. नामांकित कंपन्यांच्या डब्यात नकली माल येतो, आणि बॉल जॉइंट तुटला तर चाक ट्रकखालीच आडवं होतं.

काम आम्हीच केलं. जॉइंट दाबायचा सी-प्रेस ऑटोझोन या भागांच्या दुकानातून अनामत भरून आणला. परत दिला की पैसे परत. अवघड भाग प्रेसचा नव्हता, हबचा होता. हब नकलमध्ये चार बोल्टांनी बसतो आणि मिठाने तिथे असा जाम होतो की घण घातला तरी हलत नाही. घणाने बेअरिंगही जातं. यावर जुनी युक्ती अशी: बोल्ट थोडे ढिले करायचे, बोल्टचं डोकं आणि एक्सलचं टोक यांच्यामध्ये सॉकेटचं एक्स्टेन्शन अडकवायचं, इंजिन चालू करून स्टिअरिंग फिरवायचं. पॉवर स्टिअरिंग ढकलतं आणि हब बाहेर येतो. बाजू बदलत हे थोडं थोडं करायचं, नाही तर हब तिरका अडकतो, आणि एबीएसची वायर आधी मोकळी करून ठेवायची. पहिला हब सुटला तेव्हा मित्राने मोठ्याने ‘ज्योतिबाच्या नावानं चांगभलं’ केलं. शेजारी कुंपणाशी येऊन बघून गेला.

जुना खालचा जॉइंट ग्राइंडरने कापून पाहिला. ग्रीसच्या जागी तपकिरी चिखल, वाटी एका बाजूने पातळ झालेली.

नवे बसवताना भोकं तारेच्या ब्रशने साफ केली आणि ग्रीसचा हलका हात दिला. नट आवळायचा क्रम मॅन्युअलमध्ये दिलेला आहे: आधी खालचा थोडा, मग वरचा पूर्ण, मग खालचा पूर्ण, सगळं टॉर्क रेंचने. अंदाजाने आवळलं तर नकल नीट बसायच्या आधीच एक जॉइंट अडकून पडतो. खालच्या जॉइंटच्या निपलपाशी एक्सलचा युनिव्हर्सल जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) फिरतो, जागा अगदी कमी. म्हणून उंच निपल काढून तिथे चपटा लावला. त्याला ग्रीस गनचं सुईसारखं टोक लागतं, तेही त्याच काउंटरवरून घेतलं.

त्यानंतर अलाइनमेंट. सलग एक्सलवर तिथे फारसं काही फिरवायला नसतं, मुख्यतः टो, म्हणजे पुढची चाकं एकमेकांकडे किती आत-बाहेर वळलेली आहेत ते. गॅरेजवाल्याने टो लावून दिला. झिजलेला टायर मागे टाकून चांगली जोडी पुढे घेतली. ट्रक आता हायवेवर सरळ जातो. स्टिअरिंग पहिल्या आठवड्यात किंचित जड होतं, मग मोकळं झालं. ‘टक्’ आवाज बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. जो उरलाय तो ट्रॅक बारच्या बुशचा आहे असा मित्राचा कयास आहे, आणि पातं लावायच्या आत तोही बघून घ्यायचा आहे.