अनंताची तक्रार पाण्याबद्दल होती

१८ जुलै

आज अनंत फुलला. एकच फूल. दूध आणायला निघाले होते, गॅलरीचं दार लोटायला गेले आणि वासानेच थांबले. सकाळी कळी पिळलेल्या वातीसारखी होती, हिरवट पांढरी. संध्याकाळपर्यंत पीळ सुटला होता.

झाड पुण्यात येऊन तीन वर्षं झाली. मामीने कोकणातल्या परसात गुटी बांधून दिलेलं. पावसाच्या तोंडाला पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लॅस्टिक घट्ट बांधायचं, दीड-दोन महिन्यांनी आत पांढरी मुळं दिसली की खालून कापायचं. मामीला हे चहा टाकण्याइतकं हातचं. तिच्याकडचा अनंत तिच्या डोक्याच्या वर गेलाय. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, तरी फुलतो.

माझ्याकडे पहिल्या वर्षी दोन फुलं आली, मग पानं पिवळी पडायला लागली. कळ्या वाटाण्याएवढ्या व्हायच्या आणि गळायच्या. सोसायटीत सल्ल्यांना तोटा नाही: चहाचा चोथा, ताक, एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियमचा क्षार). सगळं घातलं. वर माझ्या हुशारीने अंड्याच्या टरफलांचा चुरा आणि गावाहून आणलेली चुलीतली राख.

गेल्या हिवाळ्यात एक पान तोडून उन्हासमोर धरलं. पान पिवळं, पण शिरा हिरव्यागार, नकाशातल्या नद्यांसारख्या. आणि अशी झालेली सगळी पानं शेंड्याची, कोवळी. खालची जून पानं ठणठणीत. ही लोहाची कमतरता. जुन्या पानातलं लोह नव्या पानाकडे सहसा सरकत नाही, म्हणून उपासमार आधी नव्यांची. मॅग्नेशियम कमी असतं तर खालची पानं आधी पिवळी पडली असती. म्हणजे एप्सम सॉल्टचा खर्च वायाच.

मामीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अगो, पाणी कसलं घालतेस?”

“बोअरचं.”

“मग!”

एवढंच बोलून ती आंब्याच्या मोहोराकडे वळली.

बादल्यांवर पांढरा थर चढवणारं, गीझरची कॉइल खाणारं हे पाणी मी तीन वर्षं अनंताला पाजत होते. त्याला आंबट माती लागते, सामू (pH) साधारण ५ ते ६; ७ च्या खाली आंबट, वर अल्कधर्मी. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत त्याला ती आयती मिळते. आमच्या पाण्यातल्या क्षारांनी कुंडीतली माती अल्कधर्मी झाली की लोह मातीत असूनही विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. त्यात माझी राख, तीही अल्कधर्मीच!

फेब्रुवारीत कुंडी बदलली. जुनी माती झटकून लाल माती, कुजलेला पालापाचोळा आणि कोकोपीट भरलं. चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल असं विरघळणारं) महिन्यातून एकदा, तेही पाकिटावर लिहिलंय तेवढंच. उन्हाळाभर बोअरच्या पाण्यात लिंबू पिळत होते (घरच्यांनी सरबतावरून टोमणे मारले), आणि पाऊस लागल्यापासून गॅलरीच्या पन्हाळीखाली पिंप ठेवलंय. मेपासून नवी पानं हिरवी यायला लागली. जुनी पिवळी काही हिरवी झाली नाहीत, गळून गेली. आमची गॅलरी पूर्वेची, सकाळचं ऊन मिळतं, दुपारी सावली. मध्ये एकदा पिठ्या ढेकूण आला, तो साबण घातलेल्या कडुनिंबाच्या तेलाने गेला.

हे झाड मूळचं चीनकडचं, आणि कुळ म्हणाल तर कॉफीचं. शास्त्रीय नाव गार्डेनिया. मला ते बागेवरून आलंय असंच वाटायचं, पण ते अलेक्झांडर गार्डन नावाच्या अठराव्या शतकातल्या एका डॉक्टरवरून. आपल्या रानातली डिकेमाली याच गार्डेनियांपैकी. लहानपणी जंतांवर आजीने दिलेली ती कडू डिकेमाली आठवून अजून तोंड वाकडं होतं.

२० जुलै

परवाचं फूल काल सायीच्या रंगाचं होतं, आज पार हळदीचं झालंय. वास मात्र आहे. अंबाड्यात खोचायला हवं होतं, पण कापलेल्या केसांत अनंत राहत नाही, म्हणून वाटीत पाणी घालून देवाजवळ ठेवलं.

आणखी चार कळ्या आहेत. छाटणी या सगळ्या फुलून गेल्यावर लगेच करायची, उशीर केला तर पुढच्या कळ्यांवर कात्री चालते. आज पाऊस नाही. पिंपात दोन बोटं पाणी उरलंय, ते अनंतालाच. मोगऱ्याला बोअरचं चालेल.