सोंग उतरवताना: ताईचीच्या चौदा महिन्यांची नोंद

यापूर्वीची नोंद लिहिली तेव्हा ताईची या संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेतील यांग शैलीचा चोवीस हालचालींचा क्रम मला मध्ये न अडखळता पूर्ण करता येऊ लागला होता आणि त्या आनंदात ‘आता फक्त सफाई आणायची बाकी आहे’ असे मी लिहून गेलो होतो. ते विधान मी मागे घेत आहे. हा क्रम १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीच्या लांबलचक परंपरागत क्रमातून सर्वसामान्यांसाठी बेतला. तो साधारण पाच-सहा मिनिटांत संपतो आणि त्याच्या या आटोपशीरपणामुळेच आपल्याला ताईची आली असे नवशिक्याला फार लवकर वाटू लागते. माझा तो समज दहाव्या महिन्यात, शिक्षकांनी पहिल्यांदा समोर माणूस उभा केला तेव्हा मोडला.

त्याआधी एका शब्दाविषयी लिहायला हवे. ताईची शिकताना पहिल्या दिवसापासून कानावर पडणारी सूचना म्हणजे ‘सोंग’. चिनी भाषेत त्याचा अर्थ सैल सोडणे, मोकळे करणे असा आहे. मराठी कानाला तो भलताच ऐकू येतो आणि माझे पहिले सहा-सात महिने त्या मराठी अर्थानेच गेले, असे आता म्हणावे लागते. खांदे पाडायचे, मनगटे लोंबती ठेवायची, डोळे अर्धवट मिटायचे आणि संथपणे हात फिरवायचे, असे ते सैलपणाचे सोंग होते. ज्या स्नायूंचे त्या क्षणी काम नाही त्यांनी गप्प बसावे, परंतु डोक्याच्या शेंड्यापासून तळपायापर्यंतची मांडणी मात्र मोडू नये, हा खरा सैलपणा गळून पडण्यापेक्षा किती वेगळा आहे, हे मला आधी गुडघ्याने आणि नंतर साथीदाराने शिकवले.

पाचव्या महिन्यात उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागले. शिक्षकांनी ‘गुडघा झाडून पुढे जाणे’ ही हालचाल तीन वेळा करून घेतली आणि कारण लगेच दाखवले. मी कंबर वळवीत होतो असे मला वाटत होते, प्रत्यक्षात खुबा आखडलेला असल्यामुळे ते वळण गुडघ्यात उतरत होते आणि गुडघा आत पडत होता. शिवाय पुढच्या पावलावर पूर्ण भार असतानाच मी ते पाऊल वळवीत होतो. आता वजन आधी मागच्या पायावर घेतो, हलके झालेले पाऊल टाचेवर बाहेर वळवतो आणि मगच त्यावर भार देऊन पुढचे पाऊल टाकतो. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच राहील आणि बोटांच्या पुढे जाणार नाही, एवढे पाहतो. जांघेतील जी घडी चिनी परंपरेत ‘क्वा’ म्हणून ओळखली जाते, ती उघडते-मिटते की नाही याकडे सगळे लक्ष दिल्यावर सुमारे दोन महिन्यांत दुखणे थांबले.

याच काळात केलेला एक प्रयोग इतरांनाही करून पाहता येईल. धनुष्य पवित्र्यात, म्हणजे पुढचा गुडघा वाकलेला आणि मागचा पाय ताणलेला असताना, पुढच्या पायावर साधारण सत्तर टक्के भार असावा असे सांगितले जाते. मी एकसारखे दोन वजनकाटे आणले, रुंदीच्या दिशेने पुरेसे अंतर राखून (दोन्ही पावले दोरीवर चालल्यासारखी एका रेषेत आली की तोल जातोच) ते दोन पावलांच्या जागी ठेवले आणि पवित्रा घेतला. माझ्या ६८ किलोंपैकी ४७-४८ किलो पुढे दिसायला हवे होते. काट्याने ३९ दाखवले. धड पुढे झुकल्यामुळे भार पुढे गेल्याचा भास होत होता, कमरेचा भाग मात्र मागेच राहिला होता.

‘झान झुआंग’, म्हणजे खांबासारखे निश्चल उभे राहणे, तीन मिनिटांवरून वीस मिनिटांवर आले आहे. त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मांड्या थरथरतात, खांदे पेटतात आणि नंतर कधीतरी पेटत नाहीत.

‘थुईशौ’ या जोडीच्या सरावाविषयी मात्र सविस्तर लिहितो. हातांचा स्पर्श न सोडता एकमेकांचा तोल चाचपायचा आणि संधी मिळताच तो घालवायचा, असे त्याचे स्वरूप आहे. त्यातील चार मूलभूत क्रिया म्हणजे पंग (बाहेरच्या दिशेने भरीवपणा राखणे), ल्यू (येणारा जोर आपल्या बाजूने पुढे जाऊ देणे), जी (एका हाताला दुसऱ्याचा आधार देऊन दाबणे) आणि आन (दोन्ही तळव्यांनी ढकलणे). या चारही क्रिया ‘चिमणीची शेपूट धरणे’ या हालचालीत क्रमाने येतात आणि मी त्या शेकडो वेळा केल्या होत्या. तरीही माझ्यापेक्षा हलक्या साथीदाराने हातावर नुसता तळवा टेकवून भार वाढवला तेव्हा माझा हात घडी होऊन छातीला चिकटला आणि मी दोन पावले मागे गेलो. ज्याला मी मृदुपणा म्हणत होतो तो हा होता. दुसऱ्या वेळी मी हात ताठ केला, तर त्याने त्याच हाताचा दांडा करून मला बाजूला फिरवले. पुढचे तीन महिने या दोन चुकांमधील अरुंद जागा शोधण्यात गेले. हात आणि छाती यांमधील गोलाई टिकवून, येणारा जोर खुब्यातून मागच्या पायात उतरू देणे मला सध्या दहापैकी तीन-चार वेळा जमते, तेही साथीदार सावकाश असेल तर.

स्वसंरक्षणाबद्दल माझे मत त्यामुळे सावध झाले आहे. मनगट पकडल्यावर हात हिसकण्याऐवजी कोपर सैल करून पकडणाऱ्याच्या अंगठ्याकडील फटीतून कंबरेसह वळणे, ही एक गोष्ट मला जोराच्या पकडीतही जमू लागली आहे. परंतु साथीदाराने हातमोजे घालून खऱ्या वेगाने ठोसे टाकले तेव्हा चोवीसपैकी एकही हालचाल आठवली नाही. उपयोगी पडले ते फक्त न कोसळता बाजूला सरकणे. चिनी विद्वान हुआंग झोंगशी यांच्या १६६९ सालच्या एका समाधिलेखात ‘आंतरिक’ आणि ‘बाह्य’ युद्धकलांचा भेद आलेला आहे, आणि पुढे ताईची, शिंगयी व बागुआ या तिन्ही ‘आंतरिक’ मानल्या जाणाऱ्या युद्धकला आत्मसात केलेल्या सुन लुथांग (१८६०–१९३३) यांनी त्यांतील समान सूत्र मांडले. त्या ‘आंतरिक’ शब्दात काही गूढ शक्ती दडली आहे असे समजून केवळ क्रम घोटत बसणाऱ्याला, माझ्या मते, या कलेची लढाऊ बाजू कधीच भेटणार नाही.

आरोग्याच्या बाजूने पुरावा अधिक ठोस आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पार्किन्सनच्या १९५ रुग्णांपैकी ज्यांनी २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा ताईची केली, त्यांचा तोल वजनाचे व्यायाम किंवा ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. पडण्याचे प्रमाण मात्र ताणाच्या गटापेक्षा कमी झाले, वजनाच्या गटापेक्षा लक्षणीय कमी नव्हते. मी रुग्ण नसल्याने हे निष्कर्ष स्वतःला जसेच्या तसे लावत नाही. माझी मोजपट्टी साधी आहे: डोळे मिटून एका पायावर उभे राहणे. सुरुवातीला प्रत्येक पायावर सहा सेकंद जमत होते. आता उजव्यावर एकोणीस आणि डाव्यावर अकरा. थुईशौमध्ये साथीदार मला जवळजवळ नेहमी डावीकडेच पाडतो, ते या आकड्यांशी जुळते. म्हणून पुढचे तीन महिने नवी हालचाल न घेता संपूर्ण क्रम आरशातल्यासारखा उलट्या बाजूने करायचे ठरवले आहे. काल पहिल्यांदा करून पाहिला आणि पाचव्याच हालचालीत हात कुठे न्यायचे ते विसरलो.