माझा अनुभव : मुंबईच्या हवेसाठी यूडब्ल्यूबी अँटेना

अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, 2002 साली 3.1 ते 10.6 गिगाहर्ट्झ हा अवाढव्य पट्टा अल्ट्रा-वाइडबँडसाठी, म्हणजे खूप रुंद पट्ट्यावर अगदी कमी ताकदीने सिग्नल पाठवणाऱ्या यूडब्ल्यूबीसाठी, खुला केला. ताकदीवरची मर्यादा मात्र कडक ठेवली: दर मेगाहर्ट्झला उणे 41.3 डीबीएम (डीबीएम म्हणजे एक मिलीवॉटच्या तुलनेत ताकद मोजायचं एकक). अख्खा पट्टा वापरला तरी एकूण बेरीज अर्ध्या मिलीवॉटच्या आसपास जाते. त्याच खोलीतला वायफाय राउटर शंभर मिलीवॉटच्या घरात असतो. त्याच्यापुढे यूडब्ल्यूबीचा सिग्नल बुडून जातो, म्हणून नको ते पट्टे अँटेनानेच नाकारलेले बरे. असा नाकारलेला पट्टा म्हणजे नॉच. वेगळा फिल्टर लावला तर तो जागा अडवतो आणि हव्या सिग्नललाही थोडा खातो. नॉचसाठी लागणारा स्लॉट, म्हणजे बारीक फट, मात्र अँटेनाच्या आहे त्याच तांब्यात कोरता येतो.

माझा एम.टेक.चा प्रकल्प भिंतीतल्या सळया आणि पोकळ्या शोधणाऱ्या छोट्या रडारच्या अँटेनाचा होता. बोर्ड 22 बाय 28 मिलिमीटर, नेहमीचा 1.6 मिलिमीटर जाडीचा एफआर-4, म्हणजे सर्किट बोर्डाचं काचतंतू-इपॉक्सीचं साहित्य. रचना साधी मोनोपोलची: पुढे लहरी सोडणारा तांब्याचा तुकडा (पॅच) आणि त्याला सिग्नल पोचवणारी पट्टी (फीडलाइन), मागे तांब्याचा अर्धवट ग्राउंड.

पहिला प्रश्न नॉच कुठे हवे हा होता, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. बहुतेक शोधनिबंधांत 3.5 गिगाहर्ट्झला वायमॅक्स (जुनं वायरलेस ब्रॉडबँड) आणि 5.2 व 5.8 ला वायफाय असे ठरलेले आकडे सापडतात. मॅडम म्हणाल्या, "अगं, आधी खिडकीशी स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावून बघ, आपल्या हवेत काय आहे ते." समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचे अँटेना आहेत. 3.3 ते 3.67 गिगाहर्ट्झ हा 2022 च्या लिलावात गेलेला 5जी पट्टा पडद्यावर ठळक उभा राहिला. वायफायचंही तसंच. आपल्याकडे 2018 मध्ये 5.15 ते 5.35 आणि 5.47 ते 5.875 हे भाग परवानामुक्त झाले. मग 5.2 आणि 5.8 ला दोन अरुंद नॉच घेतले तर मधला 5.6 चा वायफाय आत येणारच. मी 5.15 ते 5.875 असा एकच रुंद नॉच धरला. त्यात मधले 120 मेगाहर्ट्झ फुकट जातात, पण तेवढं सोसतं.

दोन्ही टोकं बंद असलेला स्लॉट नॉचच्या वारंवारतेला साधारण अर्ध्या तरंगलांबीचा लागतो. साहित्यात तरंगलांबी किती आखडते ते परमिटिव्हिटीवर ठरतं. एफआर-4 ची ती 4.4 धरली तर तिची आणि हवेची सरासरी 2.7 होते. त्या हिशेबाने 3.5 साठी सुमारे 26 मिलिमीटर आणि 5.5 साठी साडेसोळा. सव्वीसचा स्लॉट यू आकारात वळवून पॅचमध्ये बसला, पण साडेसोळाचा त्याच्या शेजारी ठेवला की दोघं एकमेकांना ओढतात: एकाची लांबी बदलली की दुसऱ्याचा नॉच सरकतो. सिम्युलेशनमध्ये पृष्ठभागावरचा करंट पाहिला तेव्हा वाट दिसली. 5.5 च्या आसपास करंट फीडजवळ, ग्राउंडच्या वरच्या काठावर दाटलेला असतो. तिथे एक टोक उघडं असलेला स्लॉट चालतो आणि त्याला पाव तरंगलांबी पुरते. फीडच्या दोन्ही बाजूंना एकेक एल आकाराचा स्लॉट घेतला, एक 8.6 मिलिमीटरचा आणि दुसरा 8.0 चा. लांबी मुद्दाम वेगळी ठेवल्याने दोन शेजारचे अनुनाद मिळून एक रुंद नॉच तयार झाला. दोन बाजू सारख्या न राहिल्याने किरणोत्सर्गाचा पॅटर्न किंचित कलला, तो मी स्वीकारला.

तांबं चढवलेला एफआर-4 चा पत्रा आणि केबल जोडायचे एसएमए कनेक्टर लॅमिंग्टन रोडवरून आणले. बोर्ड अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका काकांकडे दिले. "ताई, ही बारीक फट राहून गेलीये वाटतं, भरून टाकू?" असं त्यांनी आपणहून विचारलं. विचारलं ते फार बरं झालं, कारण 0.3 मिलिमीटरची ती फट म्हणजेच नॉच. बोर्डावरचा हिरवा लेप, म्हणजे मास्कही नको म्हणून सांगितलं, कारण त्याच्या थराने वारंवारता खाली येते.

एफआर-4 ची परमिटिव्हिटी प्रत्येक लॉटमध्ये तीच नसते. ती 4.4 ऐवजी 4.2 निघाली तर 5.5 चा नॉच शंभर मेगाहर्ट्झ वर जातो. म्हणून एकाच पत्र्यावर स्लॉटची लांबी 0.2 मिलिमीटरने बदलत बोर्डांची मालिकाच काढली. आठ मिलिमीटरच्या स्लॉटला तेवढा फरक जवळजवळ 130 मेगाहर्ट्झचा पडतो. मोजमापात नेमका बसला तो बोर्ड निवडला.

अँटेना कुठल्या वारंवारतेला किती सिग्नल परत फेकतो ते दाखवणाऱ्या व्हीएनएवर मोजताना केबलचं पथ्य पाळावं लागतं. ग्राउंड एवढं लहान असलं की करंट केबलच्या बाहेरच्या आवरणावरून वाहतो, आणि केबलला नुसता हात लावला तरी 3 गिगाहर्ट्झजवळची रेघ हलते. केबलवर फेराइट मणी ओवले, शिवाय सिम्युलेशनमध्ये कनेक्टर आणि केबलचा तुकडा धरला, तेव्हा दोन्ही आलेख जुळायला लागले.

नुसत्या व्हीएसडब्ल्यूआरवर, म्हणजे किती सिग्नल परत फिरतो त्या आकड्यावर (एक म्हणजे काहीच नाही), विसंबू नये. एफआर-4 स्वतः ऊर्जा खातो, त्यामुळे आलेख छान दिसूनही अँटेना कमी किरणोत्सर्ग करत असतो. नॉचमध्ये गेन, म्हणजे एका दिशेला जाणारी ताकद, खरंच किती पडतो ते मोजायलाच हवं. रडारसाठी तर दोन सारखे अँटेना समोरासमोर ठेवून ग्रुप डिले, म्हणजे प्रत्येक वारंवारतेला होणारा उशीर, पाहिल्याशिवाय काम पुरं होत नाही. नॉचजवळ डिले उसळतो आणि पल्सची शेपटी लांबते. नॉच जितका खोल आणि टोकदार तितकी शेपटी जास्त, म्हणून व्हीएसडब्ल्यूआर वीसपर्यंत नेण्यात मला अर्थ दिसत नाही.

पुढच्या आवृत्तीत पट्टाच 3.7 पासून धरणार आहे. 5जी वगळल्यावर खाली 3.1 ते 3.3 एवढी चिंधी उरते, आणि तिच्यासाठी अँटेना मोठा ठेवावा लागतो. साडेसात गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रडारला 2 सेंटिमीटर अंतरावरच्या दोन वस्तू वेगळ्या दिसतात. 3.7 पासून सुरू केलं तर ते अंतर 2.2 सेंटिमीटर होतं. मोनोपोल खाली हळूहळूच बंद होतो, त्यामुळे 3.5 चा यू स्लॉट ठेवावाच लागेल.