काड्या तीन, नेट शून्य

आज वावरात ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवर पिकाची नोंद. पऱ्हाटीचा फोटो निघाला, अपलोडचं चाक मात्र फिरतच राहिलं. वर फोरजी अन् तीन काड्या!

काड्यांवर जाऊ नका. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', मग 'सिम स्टेटस' उघडा. तिथं सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे त्याच्या ताकदीच्या मापात, दिसतो. उणे ९० च्या आसपास म्हणजे मस्त. उणे ११५ च्याही खाली गेला की फोटो जाणं कठीण. आकडा चांगला असूनही नेट रांगत असेल तर बहुतेक टॉवरवर गर्दी आहे. ८५० मेगाहर्ट्झची लहर दूरच्या धुऱ्यापर्यंत पोचते, पण तिचा पट्टा, म्हणजे डेटाची वाट, अरुंद, अन् सगळं गाव त्यातच. २३०० चा पट्टा रुंद, पण भिंतीआड लवकर दम तोडतो. टिनाच्या घरात तर विचारूच नका.

देशात फाइव्हजी १ ऑक्टोबर २०२२ ला आलं. शिवारात ते काठावरच मिळत असेल तर फोन फाइव्हजी-फोरजी उड्या मारतो, बॅटरीही खातो. 'प्रेफर्ड नेटवर्क टाइप'मध्ये फोरजी ठेवा. टूजी नको, त्यावर फोटो चढेपर्यंत तूर निघून जाईल.

संध्याकाळी सगळे व्हिडिओ पाहत बसतात. अपलोड पहाटेच उरका, छपराबाहेर उभं राहून.